ठोका आणि माणूस

'काहीही करा, पण वाचवा!' असा टाहो प्रसंगी आपण सारेच फोडतो. परंतु वाचवणे म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ८,०१४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सुमारे निम्म्यांना अ‍ॅड्रेनॅलिन दिले, उरलेल्यांना नुसते मिठाचे पाणी. बाकी उपचार सारखेच. महिन्यानंतर हयात होते अनुक्रमे ३.२ आणि २.४ टक्के. हजारामागे आठ जीव अधिक. त्यांना क्षुल्लक कोण म्हणेल? पण वाचलेल्यांपैकी मेंदूच्या इजेने गंभीर पंगुत्व आलेले औषधाच्या गटात ३१ टक्के होते, दुसऱ्या गटात १७.८. चालतेबोलते घरी परतणाऱ्यांत लक्षणीय वाढ झाली नाही.

ठोका परत आणणे हे वैद्यकाचे काम. कोणते जगणे आपल्याला जगणे वाटते, हे मात्र ज्याचे त्याने सांगायचे असते. असाध्य अवस्थेतील उपचारांविषयी आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच मान्य केला. तरी शेताची वाटणी जिवंतपणी ठरवणारे आपण याविषयी चकार शब्द काढत नाही, आणि ऐन वेळी तो भार मुलांवर पडतो.

दिवाळीत घर भरलेले असते. विषय अशुभ वाटेल. तरीही फराळानंतर एकदा बोलावे.