डोक्याचा मार आणि दुसरा बाण



डोंबिवलीचे एक उपासक सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढताना दांड्यावर डोके आपटून पडले. क्षणभर भान गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, मेंदूला सौम्य हादरा बसला आहे, विश्रांती घ्या. आठ दिवसांनी बरे वाटले म्हणून ते कामावर गेले, आणि संध्याकाळी कपाळ पुन्हा ठणकू लागले. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. आत रक्त तर साकळले नसेल? शेजारणीने उतारा टाकायला सांगितला, आणि दीक्षा घेतलेल्या घरात नारळ-लिंबू आले!

सल्ल सुत्तात भगवंत सांगतात की, अज्ञ माणसाला एक बाण लागतो आणि त्यावर तो दुसरा ओढवून घेतो. शरीराची वेदना हा पहिला बाण, तिच्यावरचा शोक हा दुसरा. आपल्या उपासकांचा पहिला बाण लोकलचा. दुसरा रात्री दोन वाजता त्यांनी स्वतःच मारून घेतला.

दुखणे मनाचे आहे, असे मी म्हणत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात साकेतच्या एका श्रेष्ठीच्या पत्नीचे डोके सात वर्षे दुखत होते. जीवकाने तिला मंत्र दिला नाही. औषधी तुपाचे नस्य दिले. पुढे हाच जीवक भगवंतांचा वैद्य झाला. म्हणून विचार वैद्याला विचारावा.

आजचे वैद्यकही सांगते की, अशा हादऱ्यानंतर डोके काही आठवडे येऊन-जाऊन दुखू शकते. जागरण, गोंगाट, फार वेळ मोबाईल, एकदम अंगावर घेतलेले काम, यांनी ते उठते. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू कामाला लागावे. महिनाभर अंथरूण धरू नये. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर त्यांनीच डोके दुखू लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पण दुखणे वाढतच गेले, वारंवार उलटी झाली, बोलणे अडखळले, हातापायातली शक्ती गेली, झटका आला किंवा माणूस जागा होईना, तर वंदना संपायचीही वाट पाहू नका. कल्याणचे रुक्मिणीबाई असो, ठाण्याचे सिव्हिल असो, जवळचे रुग्णालय गाठा.

त्या उपासकांनी पुन्हा तपासून घेतले. धोक्याचे काही निघाले नाही. डोके केव्हा दुखले, त्याआधी काय केले, हे आता ते वहीत लिहितात. नारळ मुलांनी फोडून खाल्ला.