दान आणि आमिष

लखनौ छावणीच्या दक्षिणेस, रायबरेली रस्त्यावर तेलीबाग ही वस्ती आहे. त्याच रस्त्याने पुढे गेले की संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय लागते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून रोगी येथे येतात. उपचार लांबले की नातलग आसपास भाड्याच्या खोल्या शोधतात. समजा, तेलीबागेतील एखादा ख्रिस्ती गृहस्थ अशा परक्या कुटुंबाला रोज जेवणाचा डबा पोहोचवतो आणि निघताना त्यांच्या रोग्यासाठी प्रार्थना करतो. हे दान झाले की आमिष?

उत्तर प्रदेशात हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. धर्मांतरासंबंधीच्या २०२१ च्या कायद्याने प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू, नोकरी आणि धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षण यांचाही समावेश केला. २०२४ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या. या व्याख्येत निर्मळ ममताही संशयास्पद ठरू शकते, हे आपले दुःख रास्तच आहे. तथापि कायदा नसता तरी मंडळीने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता, आणि आपण तो फारसा विचारला नाही, असे मला वाटते.

महाराष्ट्राला तो नवा नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे अभिवचन होते. बाई स्वतः मात्र ख्रिस्ती होत्या. आपली प्रार्थना त्या दार लावून घेऊन करीत नसत, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आपण सहसा बाईंची बाजू घेतो. मीही घेतो. श्रद्धा लपवून केलेल्या सेवेत असत्याचा अंश येतोच. परंतु रानडे-भांडारकर त्या संस्थेचे वैरी नव्हते, हितचिंतक होते. त्यांच्या आक्षेपामागे मला एक खरा प्रश्न दिसतो: जिला दुसरा आसरा नाही अशी बालविधवा त्या उघड्या दारापाशी कितपत स्वतंत्र असते? बाईंच्या मनात सक्ती नव्हती. पण दात्याची मर्जी दुबळ्याला न सांगताच कळते. सक्ती देणाऱ्याच्या हेतूत नसली, तरी घेणाऱ्याच्या भीतीत असू शकते. तेलीबागेतल्या भाड्याच्या खोलीतही हेच घडू शकते.

म्हणून आपला हेतू शुद्ध आहे, एवढे म्हणून सुटका होत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला. उरलेल्या नवांविषयी प्रभूने विचारले खरे. त्याला वाईटही वाटले असावे. पण त्यांचे आरोग्य काढून घेतल्याचे लूक लिहीत नाही. ते नऊ जण शुद्धच राहिले. (आपल्या सेवाकार्यांच्या अहवालांत मात्र त्या एकाचीच हकीकत बहुधा छापली जाते.)

त्या कुटुंबाने विचारले, "तुम्ही आमच्यासाठी हे का करता?" तर डबा देणाऱ्याने प्रभूचे नाव टाळू नये. प्रार्थना नको, असे ते म्हणाले, तर ती त्याने आपल्या घरी करावी. आणि दुसऱ्या दिवशी डबा नेहमीपेक्षा थोडा लवकरच न्यावा. नकार दिला म्हणून आता जेवण येणार नाही, ही धास्ती त्यांना एका रात्रीपलीकडे सोसावी लागू नये.