नेमणुकीनंतरचा प्रश्न

अमिरातीत नोकरीसाठी आलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा अनुभव घेतला आहे. नेमणूक झाली, विमानातून उतरलो, की रक्त द्यायचे आणि छातीचा एक्स-रे काढायचा. एचआयव्ही आणि क्षयाची ही तपासणी सरकारची. तिच्याशिवाय रेसिडेन्स व्हिसा मिळत नाही. तिथे मालकाचेही काही चालत नाही. २०१६ साली नियम थोडा मवाळ झाला. इथे राहणाऱ्याला क्षय आढळला तर परत न पाठवता उपचार घेऊ देण्याची सोय झाली.

मला बोलायचे आहे ते दुसऱ्या कागदाविषयी, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या फॉर्मविषयी. पर्सोनेलमध्ये असल्याने तो नव्या माणसापुढे मीच ठेवते. मधुमेह आहे का? पूर्वी मोठे ऑपरेशन झाले आहे का?

अमेरिकेच्या १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याने याचा क्रम लावून दिला. आधी नोकरी देऊ करा, मग प्रकृती विचारा, आणि त्या पदावर येणाऱ्या सर्वांना सारखीच विचारा. हेतू हा, की पुढे नकार आला तर त्याचे कारण झाकले जाऊ नये. विचार चांगलाच आहे. पण आपला माणूस नाशिकची नोकरी सोडून, कर्ज काढून इथे आलेला असतो. 'नंतर' विचारलेल्या प्रश्नाला 'सांगत नाही' म्हणण्याची त्याची सोय कुठे उरते? कायद्यात बसणारा प्रश्न न्याय्य असतोच असे नाही, तो इथे.

मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९७ साली असेच एक प्रकरण आले होते. रोजंदारीवरच्या एका कामगाराला एचआयव्ही असल्याचे कळले आणि त्याची पुढची नेमणूक नाकारली गेली. त्याचे नाव उघड होऊ नये म्हणून खटला नुसत्या अक्षरांनी ओळखला जातो. माणूस काम करू शकतो का आणि इतरांना खरोखर धोका आहे का, एवढेच पाहा, असे न्यायालयाने सांगितले.

मला हीच कसोटी पटते. क्रेनवर चढणाऱ्याला फिट्स येतात का, हे विचारायलाच हवे. खाली माणसे उभी असतात. हिशेबनीसाच्या मधुमेहाशी आमचा काय संबंध? साहेब म्हणतात, विम्याला लागते. मग ती माहिती थेट विमा कंपनीकडे जावी, आमच्या कपाटात कशाला?

तो रकाना काढावा असे मी लिहून दिले आहे. साहेबांचे उत्तर अजून यायचे आहे.