हट्टी म्हणजे काय दिसलं?

काही वर्षांपूर्वी बालवाडी शिक्षिकांच्या एका प्रशिक्षण वर्गात मागच्या बाकावर बसायला मिळालं. शिकणाऱ्या बहुतेक जणी विशी-तिशीतल्या. आदल्या दिवशी प्रत्येकीने जवळच्या बालवाडीत जाऊन एका मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि वहीत टिपून आणायचं, असं ठरलं होतं. एकीने वाचून दाखवलं, ‘मुलगा हट्टी आहे. कोणात मिसळत नाही.’ शिकवणाऱ्या बाई उतारवयाच्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “हट्टी म्हणजे तुला काय दिसलं गं?”

“दप्तर खालीच ठेवत नाही, बाई.”

“बरं. आणि दप्तर धरून बसला होता, तेव्हा बघत कुठे होता?”

ती गप्प झाली. बघत कुठे होता, हे तिने बघितलंच नव्हतं. पुन्हा जाऊन आल्यावर तिने वाचलं ते असं: दप्तर मांडीवर. समोर चार मुलं मणी ओवतायत, त्यांच्याकडे बघतोय. एक मणी घरंगळत आला, तो पायाने अडवला. उचलून दप्तराच्या खिशात टाकला. थोड्या वेळाने काढून समोरच्या मुलीला दिला. दप्तर मांडीवरच.

दुसऱ्या टिपणात ‘हट्टी’ हा शब्द कुठेच नव्हता. बालशिक्षिका घडते म्हणजे काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. पण नोकरी देताना हे कोणी तपासत नाही.

आपल्याकडची उतरंड मजेशीर आहे. पहिली ते आठवीला शिकवायचं तर पदविका किंवा पदवी हवी, वर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा हवी. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितलं, की बी.एड. झालेला माणूस तेवढ्यावर प्राथमिक वर्गांना शिकवायला पात्र ठरत नाही. लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं असतं. निकाल वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं, की हे सहा वर्षांच्या मुलाबद्दल चाललंय. तीन वर्षांच्या मुलाला सांभाळायला आणि शिकवायला खासगी नर्सरीत कोणी उभं राहावं, याला व्यवहारात काही धरबंधच नाही. वडापावच्या गाडीला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. तळमजल्याच्या ब्लॉकमध्ये भिंतीवर मिकी माउस रंगवून नर्सरी काढणाऱ्याला मात्र शिक्षिकेचं प्रमाणपत्र कोणी मागत नाही. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याच्या आधीच्या वयासाठी सरकारने आवश्यक ती व्यवस्था ‘करावी’ असंही नाही, ‘करू शकेल’ असं आहे. 2025 मध्ये राज्य शासनाने खासगी पूर्वप्राथमिक वर्गांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. त्यातून वर्गांची मोजदाद होईल. बाईंचं काय, हा प्रश्न तिथेच राहतो.

अभ्यासक्रम नाहीत असंही नाही. एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या 2014 च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे, बारावीनंतरची. पण ती करून नोकरीत कुठली पायरी मिळते, हे कोणी सांगत नाही, म्हणून मुली तिकडे फिरकत नाहीत. मध्यमवर्गीय मराठी घरांत ‘मोंटेसरीचा कोर्स केलाय’ हे वाक्य शिवणकामाच्या क्लासच्या सुरात म्हटलं जातं: लग्न आणि पहिलं मूल यांच्या मधल्या काळात उरकलेली गोष्ट. बाईमाणसाला मुलं सांभाळता येतातच, त्याला शिकायचं काय, हा समज या सगळ्याच्या बुडाशी आहे.

तो समज ज्यांनी खोडून काढला, त्याही आपल्याच. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या, शिक्षिकाच घडवत होत्या. ती जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात शिकायला गेल्या. प्राचार्याबाई विद्यार्थिनी झाल्या, तेही तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, 1945 मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला दोघींनी शाळाच आदिवासी पाड्यात, मुलांच्या अंगणात नेली. मोंटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, पानं ही साधनं झाली. त्यांच्या कामातली अंगणवाडी 1975 मध्ये देशभरच्या एकात्मिक बालविकास योजनेत नावासकट गेली. अंगण गेलं, नाव गेलं. शिक्षिका घडवण्याची त्यांची रीत मात्र मागे राहिली.

आज महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथली सेविका वजन-उंची मोजते, आहार वाटते, गृहभेटी देते, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरते, आणि उरलेल्या वेळात शिकवते. तिला मिळतं त्याला पगार नाही, मानधन म्हणतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिच्यासाठी तोडगा काढला: बारावी किंवा अधिक शिकलेल्या सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, कमी शिकलेलीला वर्षाची पदविका, दोन्ही टीव्हीच्या वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून, महिन्यातून निदान एक प्रत्यक्ष वर्ग. हेतू चांगला आहे. पण मणी कुठे गेला, हे फोनच्या पडद्याकडे बघून कसं कळायचं?

तरीही बालशिक्षिकेला परवाना असावा, या बाजूचा मी आहे. कारण मुलांइतकंच बाईंचंही आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडंसुद्धा पुरती घडलेली नसतात, पण पालकांना वही भरलेली हवी असते आणि संस्थाचालकांना पालक हवे असतात. ‘या वयात मी लिहायला लावणार नाही’ असं म्हणायला बाईंच्या पाठीशी काहीतरी असावं लागतं. डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकाला नाही म्हणू शकतो. त्याच्या नावापुढच्या अक्षरांना किंमत आहे. बालवाडीच्या बाईंना आज ती सोय नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप खोटा नाही. आपल्याकडे परवाना म्हटलं की दुकान आलंच. डी.एड. कॉलेजांचं पीक कसं आलं आणि पुढे कसं करपलं, ते आपण बघितलं. 2019-20 च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघडकीला आलं आणि साडेसात हजारांहून अधिक परीक्षार्थींवर कारवाई झाली. चार पर्यायांतून एक निवडण्याची आणखी एक परीक्षा बालवाडीसाठी काढली, तर पहिला बळी जाईल तो वीस वर्षं मुलांत वावरलेल्या, पण कागदापुढे बिचकणाऱ्या सेविकेचा.

म्हणून मला आरटीओची पद्धत बरी वाटते. (तिथले एजंट वगळून!) शिकाऊ लायसन्स मिळालं की गाडीला ‘एल’ लावायचा, शेजारी पक्कं लायसन्सवालं कोणीतरी बसवायचं, आणि प्रत्यक्ष चालवून दाखवल्याशिवाय पक्कं लायसन्स नाही. बालशिक्षिकेलाही वर्षभर जाणत्या बाईंच्या शेजारी काम करू द्यावं. तपासायच्या त्या तिच्या निरीक्षण वह्या, आणि बघायचं ते रडणारं मूल ती कसं हाताळते. शेजारी बसणाऱ्या जाणत्या बायाही नव्याने शोधायला नकोत. निवृत्त झालेल्या, हाताखालून पोरांच्या दोन पिढ्या गेलेल्या सेविका गावोगाव आहेत. त्यांच्या ज्ञानाला आज निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं, एवढंच. त्यांना त्या कामाचा पगार द्यावा लागेल, मानधन नव्हे. खर्च आहे, आणि बहुधा घोडं तिथेच अडतं.

मणी पाहणारी ती मुलगी पुढे एका नर्सरीत मुलाखतीला गेली होती. निरीक्षणाची वही पिशवीत घालून नेली होती तिने. तिला विचारलं गेलं ते तीनच प्रश्न: इंग्लिश बोलता येतं का, गॅदरिंगचा डान्स बसवाल का, आणि लग्न कधी करणार. वही पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही.