थडीजवळची नाव

आजचं वाचन : गीता, अध्याय २, श्लोक ६७.

भगवान सांगतात, भटकणाऱ्या इंद्रियामागे मन गेलं की बुद्धी ओढली जाते, वाऱ्याने पाण्यातली नाव न्यावी तशी. मी केळापूरचा. आमच्याकडे कुठला समुद्र! ही उपमा मला पुस्तकीच वाटायची. किनाऱ्यावरच्या माणसाला ती समजवावी लागत नाही. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटांत उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. तिथे वारा खरोखरचा होता.

ज्ञानेश्वरीत मात्र माउली नावेची जागाच बदलतात. ती भर समुद्रात नाही. ती थडीला लागतेय, आणि तेवढ्यात वादळ येतं. पुढे म्हणतात, पोचलेल्या माणसानेही इंद्रियांचे नुसते कौतुकाने लाड केले, तरी दुःख त्याला गाठतंच.

हे वाचलं की मला ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ आठवतं. १३ जानेवारी २०१२ ची रात्र, इटलीचं जीलिओ बेट. समुद्र शांत, जहाजावर चार हजारांवर माणसं. बेटाला सलाम ठोकायचा म्हणून कॅप्टनने जहाज किनाऱ्यालगत नेलं आणि खडकाने त्याचं पोट फाडलं. प्रवाशांना सांगितलं काय, तर लाइट गेलीय! (आयटीवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?) जहाज सोडायचा आदेश तासाभराने आला. ३२ जण गेले. माणसं आत असताना कॅप्टन बाहेर पडला होता. कोर्टाने त्याला १६ वर्षांची शिक्षा दिली.

या गोष्टीत वारा कुठे होता?

कॅप्टन नवशिका नव्हता. मला भीती वाटते ती याचीच. नवा साधक जपून असतो. पारायणाचे चाळीस दिवस झाले की स्टेटस टाकावंसं वाटतं. टाका की, त्यात पाप नाही. पण एकेचाळिसाव्या दिवशी पोथी उघडी आणि डोळा लाइकवर असेल, तर नाव कुणाच्या हातात आहे ते बघा.

त्या ३२ जणांत मुंबईचा एक वेटर होता. त्याचा देह सगळ्यांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज भंगारात काढताना सापडला. आज एक माळ त्याच्यासाठी करू, आणि एक ‘रामदास’वरच्या माणसांसाठी.

उद्या श्लोक ६८.