रिकाम्या दिवसाची तरतूद

माणसाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटत असेल, तर ती रिकाम्या जागेची. आमच्या बँकेत या भीतीचा रीतसर नियमच झालेला आहे. चेकवर रकमेपुढे जागा उरली, की ‘फक्त’ लिहायचं आणि पुढे रेघ ओढायची. नाहीतर त्या जागेत कोण काय भरेल याचा नेम नाही. इतकी वर्षं हेच केल्यावर मला लग्नपत्रिकेतली मोकळी जागासुद्धा बघवत नाही. तेव्हा सहलीच्या आखणीत एक नव्हे, चांगले दोन दिवस कोरे सोडा म्हणून मीच भांडतो आहे, हे ऐकल्यावर आमच्या हिने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सहल स्पितीची. हिमाचल प्रदेशात, तिबेटच्या शेजाराला, पाऊस जवळजवळ पोचतच नाही असा हा उंचावरचा उघडाबोडका मुलूख. फोटो पाहिलेत, तर देवाने डोंगर तयार केले आणि झाडं लावायच्या आधीच त्याची सुट्टी लागली, असं वाटेल. जायचं जूनच्या सुरुवातीला. मंडळी पाच: आम्ही दोघं, मेहुणे, त्यांचे कॉलेजात जाणारे चिरंजीव आणि आमच्या सासूबाई. मेहुण्यांच्या सौभाग्यवतींनी ‘मला थंडी सोसत नाही’ म्हणून पहिल्याच बैठकीत अंग काढून घेतलं. (एकंदरीत शहाण्या त्याच.)

आमचे मेहुणे म्हणजे वेळ वाचवणारा माणूस. वाचवलेल्या वेळाचं ते पुढे काय करतात, हे अजून कोणी पाहिलेलं नाही. त्यांचा बेत सरळ होता. पहिला मुक्काम मनाली, दुसरा थेट काझा. “भाऊजी, मध्ये आता बोगदा आहे!” असं ते अशा थाटात सांगतात, की तो त्यांनीच खणला. बोगदा आहे खरा. २०२० च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला, नऊ किलोमीटर लांबीचा आहे, आणि त्याच्यामुळे रोहतांगची चढण चुकते. पण बोगद्यापलीकडे कुंझुम नावाची खिंड आहे आणि तिच्याखालून अजून कोणी बोगदा काढलेला नाही. ती ४५५० मीटरवर. वर्षातले निम्मे महिने बर्फाखाली. सीमा सडकवाले बर्फ कापून वाट मोकळी करतात ती कधी मे सरता सरता, कधी जून चांगला उजाडल्यावर. ज्या खिंडीला स्वतःच्या उघडण्याची तारीख ठाऊक नसते, तिच्या भरवशावर मी एल.एफ.सी.च्या अर्जात तारीख काय भरायची, हा प्रश्न आमच्या मॅनेजरसाहेबांनाही पडला आणि त्यांनी तो माझ्याकडेच परत पाठवला.

आता खरा हिशेब हवेचा. समुद्रकाठी हवेचा रुपया शंभर पैशांचा धरला, तर काझ्याला, म्हणजे ३७०० मीटरच्या आसपास, तो त्रेसष्ट-चौसष्ट पैशांवर येतो. कुंझुमला साठाच्याही खाली. शरीर या महागाईची सवय करून घेतं, पण त्याला वेळ लागतो. जाणकारांचा साधा दंडक असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीत झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. मनाली २०५० वर. म्हणजे मेहुण्यांच्या बेतात आम्ही एका दिवसात साडेसोळाशे मीटर वर जाऊन झोपणार, तेही मध्ये कुंझुमला सलाम ठोकून. आणि एवढं करून काझ्यात कुणाचं डोकं फुटायला लागलं, मळमळायला लागलं, तर उपाय एकच: खाली उतरा. मनालीच्या बाजूने उतरायचं तर आधी परत कुंझुम चढायची!

माझा बेत दुसऱ्या बाजूने. सिमला, तिथून सतलजच्या काठाकाठाने किन्नौरात कल्पा, मग ताबो, मग काझा. कल्पा २९६० मीटर, ताबो ३२८०, काझा ३७००. आमच्या सासूबाई आमच्या इमारतीचा जिना चढतात, त्या चालीने चढणारा रस्ता. ४०० किलोमीटरांहून जास्त, पण ताबोला इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ आहे. तो इतकी वर्षं थांबला, आणखी दोन दिवस थांबेल. शिवाय कल्प्याला एक दिवस कोरा आणि काझ्याला एक दिवस कोरा. येताना कुंझुम उघडली असेल तर तिकडून, नाहीतर आल्या वाटेने.

“कोरा म्हणजे त्या दिवशी करायचं काय?” मेहुणे.

“काही नाही.”

“आणि हॉटेलचं भाडं?”

“पूर्ण.”

मेहुण्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्या मुदतठेवीवर व्याज मिळणार नाही असं सांगितलं. मग त्यांनी आवाज उतरवून मुद्द्याचं विचारलं: “हे सगळं आईसाठीच ना? मग आईला सिमल्याला ताईजवळ ठेवू. आपण तिघं जाऊन येऊ.”

इथे मला पहिल्यांदाच जाणवलं, की हा प्रश्न भूगोलाचा नाहीच. चार माणसं मिळून चालू लागली, की चाल कोणाची धरायची? वेगवान माणसाची धरली, तर त्याच्या सुखाचा खर्च मागच्याच्या छातीवर पडतो, आणि तो बिचारा ‘माझ्यामुळे तुम्हाला उशीर’ म्हणून माफीही मागतो. मंद माणसाची धरली, तर पुढचा घड्याळ बघत सुस्कारे टाकतो. कोणी म्हणेल, मतं घ्या. पण सासूबाईंचं मत मला न विचारता सांगता येईल: “माझं काय, मी बसेन कुठेही.” आमच्याकडे ज्यांना सगळ्यांत जास्त त्रास होणार असतो, त्यांचं मत नेहमी हेच असतं, आणि बाकीचे ते खरं धरून मोकळे होतात.

त्यातही गंमत पुढे आहे. उंचीचा त्रास म्हाताऱ्यांनाच होतो, हा मेहुण्यांचा समज. प्रत्यक्षात तरुणपण आणि तालीम यांची तिथे काही पत नाही. रोज जिमखान्यात जाऊन दंड फुगवणारा आमचा भाचा काझ्यात आडवा पडेल आणि सासूबाई त्याला लिंबूपाणी करून देतील, हे पूर्ण शक्य आहे. कोणाचं डोकं दुखेल, हे आधी सांगता येत नाही.

कॉमर्सच्या पदवीचा उपयोग मला आयुष्यात दोनदाच झाला. त्यातला हा दुसरा. मी मेहुण्यांना बुडीत आणि संशयित कर्जाची तरतूद समजावली. शंभर जणांना कर्ज दिलं, की त्यातले काही बुडवणार. कोणते, ते माहीत नसतं. म्हणून काही बँक सगळ्यांकडे डोळे वटारून बघत बसत नाही (तसं काउंटरवर बघतो, ते वेगळ्या कारणासाठी). ती नफ्यातून थोडी रक्कम मुकाट्याने बाजूला काढते. त्या रकमेवर कोणाचंच नाव नसतं. तसे हे दोन दिवस. ते आईंच्या नावावर टाकले, की आईंचे उपकार फिटत नाहीत. कोणाच्याच नावावर टाकू नका.

मेहुणे हिशेबी, त्यांनी लगेच कोंडीत पकडलं. “पण बुडीत झालं नाही, तर तरतूद परत नफ्यात घेता येते. कोणाचंच डोकं दुखलं नाही, तर माझा दिवस कोण परत करणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. दिवस परत जमा करून घेणारं खातं आमच्या शाखेत नाही, दुसऱ्या शाखेतही नसावं. एवढंच म्हणालो, की तसं झालं तर तुमच्या त्या दिवसात सगळी धडधाकट होती, एवढी नोंद राहील. मेहुणे गप्प बसले. पटलं म्हणून, की आईसमोर वाद नको म्हणून, कळायला मार्ग नाही. आखणीच्या कागदावर तारखा पडल्या आणि कल्प्याच्या नि काझ्याच्या ओळीपुढे जागा मोकळी राहिली. माझा हात सवयीने रेघ ओढायला गेला होता. हिने पेन काढून घेतलं.

भाचा तो कागद बघून म्हणाला, “आतोबा, इथे काय लिहू?”

सासूबाईंनी मात्र ओळ बरोब्बर ओळखली होती. कल्प्याहून समोर किन्नर कैलास दिसतो, दिवसभरात त्याचे रंग पालटतात, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी पाव किलो कापूस आणून पिशवीत भरून ठेवला आहे. एवढा निवांत दिवस मिळाला, तर श्रावणापर्यंतच्या वाती वळून होतील म्हणतात.