बुश बदलताना रबराची बाजू

सॉलिहलच्या कारखान्यातून जुन्या घडणीची शेवटची लँड रोव्हर डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी बाहेर पडली. ब्रिटनमध्ये या गाड्या आजही धावतात आणि त्यांची पुष्कळशी देखभाल मालक घराच्या आवारातच करतात. सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतल्या लवचिक नळ्या, बदलणे हे त्यातले नेहमीचे काम. या कामाला आता एक ठरीव वळण लागले आहे: जुने रबरी बुश काढायचे आणि त्या जागी पॉलीयुरेथेनचे, म्हणजे पॉली बुश घालायचे. याला सुधारणा म्हटले जाते. माझे म्हणणे असे, की ही निवड बहुतेक वेळा गाडीच्या गरजेतून होत नाही, बसवणाऱ्याच्या सोयीतून होते. रबरी बुश सस्पेन्शनच्या आर्मच्या भोकात घट्ट बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. पॉली बुशाचे दोन अर्धे भाग मात्र साध्या व्हाइसमध्ये दाबले तरी बसतात. मग जे घरी बसते तेच गाडीला चांगले, असा निष्कर्ष नकळत निघतो. आणि खडकाळ वाटेवर जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो चुकीचा आहे.

डिफेंडरच्या सस्पेन्शनचे मूळ १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये आहे. स्पेन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा घेतल्या, पण अखंड ॲक्सल सोडला नाही. तीच मांडणी १९८३ साली 'वन टेन'मध्ये आणि पुढच्या वर्षी 'नाइंटी'मध्ये आली. पुढचा ॲक्सल मागे-पुढे सरकू नये म्हणून दोन रेडियस आर्म त्याला धरतात. प्रत्येक आर्म ॲक्सलला दोन बोल्टांनी जोडलेला असतो, एक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे. त्याचे दुसरे टोक चासीत अडकवलेले असते. सपाट रस्त्यावर ही रचना बिनतक्रार चालते. खरी परीक्षा होते ती डावे चाक दगडावर चढून उजवे खड्ड्यात उतरते तेव्हा. त्या क्षणी दोन आर्म वेगवेगळ्या कोनांत जातात, आणि दोघांनीही दोन-दोन ठिकाणी पकडलेला ॲक्सल मात्र एकच असतो. लोखंड वाकणार नाही. हा सगळा फरक त्या चार बुशांतल्या रबराने दबून आणि ताणून सोसायचा असतो. ते रबर मऊ आहे म्हणून चाक खाली जाऊन जमीन गाठते. तिथे कडक बुश घातले, की ॲक्सल आणि आर्म मिळून जणू एक जाडजूड अँटी-रोल बार तयार होतो. चाक लवकर अधांतरी होते आणि रबराने घ्यायचा ताण कंसांवर व बोल्टांच्या भोकांवर जातो. म्हणजे ज्या कामासाठी ही गाडी घेतली, नेमके तेच काम ती कमी करू लागते.

यावर पहिला आक्षेप टिकाऊपणाचा. तेल आणि डिझेल लागून रबर फुगते, सडते. पॉलीयुरेथेन त्याला फारशी दाद देत नाही. हे खरे आहे. पण दोन्ही बुशांची चाल वेगळी आहे, हे त्यात विसरले जाते. रबरी बुशात बाहेरची पोलादी नळी आर्ममध्ये घट्ट असते, आतली नळी बोल्टने आवळलेली असते आणि मधले रबर दोन्हींना चिकटवलेले असते. काहीच घसरत नाही. धुणे पिळताना कापडाला पीळ पडतो तसा रबराला पडतो आणि उलगडतो. पॉली बुशात आतली नळी प्लॅस्टिकवर फिरते. फिरणाऱ्या जागी चिखल आणि रेती शिरली, की झीज होते, करकर सुरू होते, आणि सिलिकोन ग्रीस पुन्हापुन्हा भरणे आले. वस्तू टिकाऊ आहे, पण सांधा राखावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की पॉलीतही कमी कडक प्रती मिळतात. मिळतात, आणि रस्त्यावरच जास्त चालणाऱ्या गाडीला त्या पुरतील. पण मऊपणाच हवा असेल तर प्रेस टाळणे एवढेच कारण उरते. आणि आर्म सोडवून एखाद्या वर्कशॉपमध्ये फक्त दाबून घेणे हे काही मोठे संकट नाही.

उरलेले सगळे काम घरी होते, आणि काही बाबतींत गॅरेजपेक्षा चांगले होते. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर असली की चाके लोंबतात आणि बोल्ट त्याच अवस्थेत आवळायचा मोह होतो. तसे केले तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अकाली फाटतो. शेवटची आवळणी चारही चाकांवर गाडीचे वजन असतानाच व्हायला हवी. साध्या मोटारीखाली तेव्हा माणूस शिरत नाही. डिफेंडरखाली सहज शिरतो. ऑफ-रोड गाडीची उंची इथे घरच्या कारागिराच्या कामी येते, आणि त्याला घाईही नसते.

धोका आहे तो जड गाडी उचलण्याचा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली जाणे अक्षम्य. चासीखाली घोड्या, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे आणि एका वेळी एकाच बाजूचा आर्म ही शिस्त पाळावीच लागते. दोन्ही आर्म सोडले तर ॲक्सल गरकन फिरू शकतो. ब्रिटनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे बोल्ट आतल्या नळीत गंजून जाम होतो आणि कधी तो कापूनच काढावा लागतो. जुने रबर जाळून काढण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. त्या विषारी धुरात उभे राहण्याऐवजी बाहेरची नळी आतून हॅकसॉने चिरावी, मात्र पाते आर्मच्या भोकाला लागता कामा नये. नवा बुश बाहेरच्या नळीच्या कडेवरच दाबायचा, आतल्या नळीवर नाही. आणि कुठे ओलावा हवाच असला तर साबणाचे पाणी वापरायचे, तेल नाही.

पॉलीला सरसकट नकार द्यावा असे मी म्हणत नाही. पॅनहार्ड रॉड ॲक्सलला आडवा धरतो, त्याच्या बुशांवर पीळ फार थोडा येतो आणि तिथला सैलपणा थेट स्टिअरिंगमध्ये जाणवतो. तिथे पॉली घालावा, रेडियस आर्मच्या ॲक्सलकडील टोकांना रबरच ठेवावे. पूर्ण गाडीचा एकरंगी पॉली संच विकत घेणाऱ्याने त्यातले ते चार बुश बाजूला काढून ठेवले, तरी गाडीचे काही बिघडणार नाही.